ती साच्यात गेली

भिवंडीत साचा म्हणजे माग. पॉवरलूम. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप चहाचा कप उचलायच्या आधी विचारायचा, "साचे किती?" आणि समोरच्याने सांगितलं की त्या हिशेबाने चहा गोड नाहीतर कडू लागायचा. मोदकाच्या साच्याला आम्ही मोदकाचा साचा असं पूर्ण म्हणतो. नुसतं साचा म्हटलं की लोखंड, तेल, सूत आणि कान किटवणारा आवाज. दुसरं काही नाही.

हे आधीच सांगून टाकते. कारण हे ठाऊक नसलेली एक पोरगी आणि हे पक्कं ठाऊक असलेला एक शहाणा, या दोघांनी मिळून माझ्या आईचं एक वाक्य भिंतीवर टांगलं. त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

कामतघरला आमच्या चाळीसमोर तो कारखाना. लांबच लांब शेड, वर पत्रे, खिडक्या अगदी छपराला टेकलेल्या. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून वारा आत येऊ द्यायचा नाही आणि जमिनीवर सारखं पाणी मारायचं. उन्हाळ्यात आत गेलं की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर यायची. मालक आमच्याच गावकीतले. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, आई तेवढी भावजी म्हणायची, कारण माझ्या बाबांच्या ते लांबच्या नात्यात होते. भाताची जमीन विकून त्यांनी ही शेड उभी केली होती आणि त्याचा त्यांना एवढा गर्व, की आल्यागेल्याला पाया किती खोल खणलाय ते सांगत बसायचे. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. गणपतीत पेढे वाटायचा, कुणाच्या लग्नात आहेर करायचा. पण अशी चांगली माणसं वेळ आली की काय करतात, ते मी घरातच बघितलंय.

आई तिथे कांडीवाली होती. कांडी म्हणजे साच्यात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची बारीक नळी. कामगार साच्यावर कापड काढतो आणि त्याला लागणाऱ्या कांड्या बायका दाराजवळच्या मशीनवर भरून टोपलीतून नेऊन देतात. शाळा सुटली की मी थेट तिथेच. सुताच्या पोत्यावर दप्तर टाकायचं, पोत्यावरच बसायचं आणि त्या खडखडाटात पाढे म्हणायचे. मी पाढे चुकीचे म्हटले तरी कुणाला ऐकू येत नव्हतं, ही एक चैनच होती.

कारण त्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. नवा माणूस पहिले काही दिवस बोंबलतो, घसा बसवून घेतो आणि मग ओठ बघायला शिकतो. सगळे तसंच बोलायचे. आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे करायचे, भुवया उडवायच्या, हाताची एखादी खूण. दाराजवळची बाई पार मागच्या भिंतीकडच्या बाईला सासूचं सगळं गाऱ्हाणं सांगायची आणि मधे उभ्या असलेल्या शेठला वासही लागायचा नाही. आम्ही त्याला ओठांनी बोलणं म्हणायचो. मला ते पाढ्यांच्या आधी आलं.

आणि बाहेर आल्या की ह्याच बायका घसा फाडून बोलायच्या, कारण कान गेलेले असायचे. माझ्या आईचं दुखणं डॉक्टरच्या आधी दवाखान्याबाहेरच्या रिक्षावाल्यांना कळतं. देवळात ती देवाशी बोलते तेसुद्धा अख्खी रांग ऐकते. वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा पुजारी म्हणाला, "आजी, देवीला ऐकू येतं." आईला मात्र तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. लोक माना वळवून बघतात. बघा की. कारखान्याने तिचे कान खाल्ले, तर तुमच्या कानांनी थोडा त्रास काढला म्हणून काय बिघडलं?

ओठांनी बोलण्यात सगळ्यात तयार होती ती खाला. आईची मैत्रीण. कोकणी मुसलमान घरातली, मराठी आमच्याहून गोड, आणि नकला अशा करायची की शेठ समोर उभे असताना पाठीमागे त्यांचंच चालणं चालून दाखवायची. ती पण कांडीवाली. दोघींची मशीन शेजारी शेजारी. घरी काही चांगलं शिजलं की डब्याची अदलाबदल व्हायची. माझ्या वेणीला रिबीन कुठली हे सुद्धा त्या दोघी ठरवायच्या, मला कोण विचारतंय! मी तिला खाला म्हणायचे आणि तिच्या मांडीवर आईच्या मांडीपेक्षा जास्त बसलेय. तिला मूलबाळ नव्हतं. म्हातारी आई होती, तिला तीच सांभाळायची.

ती गेली तेव्हा मी शाळेत होते. पण आईने मला हे इतक्या वेळा सांगितलंय, की मी तिथेच उभी होते असं मला वाटतं.

शेठनी त्या वर्षी शेडमधे आणखी दोन साचे घुसवले होते. जागा होती तेवढीच. साच्यांमधली वाट अशी झाली, की टोपली घेऊन जाणाऱ्या बाईला अंग चोरून तिरकं चालावं लागायचं. प्रत्येक साच्याला मोटार, मोटारीवरून फिरणारा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला हवी. पट्टा बदलताना जाळी काढा, परत लावा, त्यात वेळ जातो. म्हणून जाळ्या काढून मागे एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या होत्या. सगळ्यांना दिसत होत्या. आईने भावजींना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही पदर खोचून चला की."

खाला टोपली घेऊन मागच्या साच्याकडे गेली. तिची ओढणी पट्ट्यात सापडली.

त्या साच्यावरचा कामगार होता चाचा. उत्तरेतून आलेला, तेव्हा तरणाबांड, पण सगळे चाचाच म्हणायचे. त्याच्याकडे चार साचे. दुसऱ्या साच्यावरचा तुटलेला धागा जोडत तो पाठ करून उभा होता. त्याला काही दिसलं नाही, आणि ऐकू तर कुणालाच येणार नव्हतं. शेडमधे त्या क्षणी खालाकडे तोंड करून एकच माणूस होतं, ती दाराजवळ बसलेली माझी आई. तिने खालाचे ओठ बघितले. खाला आईकडे बघून म्हणत होती, बंद कर. बंद कर गं.

सगळे साचे एकदम बंद करायचा मेन स्विच मागच्या भिंतीवर. लोखंडी डबा आणि बाजूला दांडा. आई त्या अरुंद वाटेतून धावली. मेनच्या समोर सुताची पोती रचलेली होती, कारण शेठना जागा पुरत नव्हती. आईने पोती ओढली, वर चढली, दांडा खाली खेचला.

उशीर झाला होता.

आमच्याकडे ह्याला साच्यात जाणं म्हणतात. बोट साच्यात गेलं, हात साच्यात गेला, हे अधूनमधून कानावर यायचंच. माणूस साच्यात गेलं, असं फार कमी. आई त्या दिवशी घरी आली, भिंतीला टेकून बसली आणि बाबांना एवढंच म्हणाली, "ती साच्यात गेली." तेव्हापासून आमच्या घरात त्या वाक्याचा दुसरा अर्थच नाही.

संध्याकाळपर्यंत शेठनी गोष्ट तयार केली होती. रमजान चालू होता. खालाचा रोजा होता. म्हणजे उपाशी होती, पाणी नाही प्यायली, चक्कर आली, साच्यावर पडली. संपलं! किती सोयीचं, बघा. जाळ्यांचा प्रश्न नाही, अरुंद वाटेचा नाही, पोत्यांचा नाही. एका बाईने उपास धरला, हीच चूक. तिची म्हातारी आईसुद्धा ऊर बडवून म्हणत होती, "रोज्यात कामाला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं गं मी तुला." मेलेल्या पोरीवर तिच्या आईनेच दोष ठेवावा, एवढं पक्कं काम भावजींनी केलं होतं.

माझी आई गप्प बसली नाही. चौकशीला पोलीस जमादार आला तेव्हा पुढे होऊन म्हणाली, चक्कर न्हाय आली, ती शुद्धीत होती, तिनं मना सांगितला बंद कर म्हणून. जमादाराने विचारलं, "तू ऐकलंस?"

आता माझी आई पडली सरळ. खोटं तिला येत नाही. ती म्हणाली, "ऐकला न्हाय साहेब. बघितला."

जमादार हसला. शेठ हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. त्यांना ओठांनी बोलणं काय असतं ते चांगलं ठाऊक होतं, त्याच शेडमधे उभे असायचे ना! एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. नाही बोलले. जमादाराने एवढंच धरलं की बाईने काही ऐकलेलं नाही. आणि चाचाने काही बघितलेलं नव्हतं, तो खरं तेच बोलला. झालं, चक्करवर शिक्कामोर्तब.

आई दुसऱ्या दिवशी परत कामाला गेली. लोक विचारतात, कशी गेली? घर कोण चालवणार होतं, तुम्ही? बाबांच्या छातीचं दुखणं सुरू झालं होतं. ती गेली आणि शेजारचं मशीन रिकामं बघत कांड्या भरत राहिली, वर्षानुवर्षं. जाळ्या मात्र लगेच बसल्या. शेठनी एका रात्रीत बसवून घेतल्या. चक्कर येणाऱ्या बाईसाठी जाळ्या कशाला लागतात, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

आईचं तेव्हापासून एकच म्हणणं होतं. तिला भरपाई नको होती, कुणाला तुरुंगात धाडायचं नव्हतं. त्या शेडमधे उभं राहून कुणीतरी एकदा म्हणावं, की खाला चक्कर येऊन पडली नाही. तिने बंद कर म्हटलं होतं. बस. एवढंच.

पुढे जे सगळ्यांचं झालं तेच आमच्या कारखान्याचं झालं. सूत महाग, वीज महाग, कापडाला भाव नाही. शेठ वारले. साचे भंगारात गेले, हातोड्याने तोडून टेम्पोत भरले, आणि तो आवाज साच्यांच्या आवाजापेक्षा वाईट होता असं आई म्हणते, तिला तो कितीसा ऐकू आला देव जाणे. कामगार जवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनला लागले. चाचा पण तिथेच वॉचमन झाला. शेडमधे काही वर्षं कुणाचे तरी खोके पडून होते. मग शेठचा नातू आला.

हा नातू वाढला ठाण्याला, शिकला पुण्याला. पोरगं बोलायला गोड. येताजाता आईला वाकून नमस्कार करायचा. त्याने शेडचं कॅफे करायचं ठरवलं. नुसतं कॅफे नाही, "इतिहास असलेली जागा". हा त्याचाच शब्द. भिंतीवर कारखान्याचा इतिहास लावायचा, जुने कामगार शोधायचे, त्यांची बोलणी घ्यायची. त्यासाठी त्याने मुंबईहून एक पोरगी पाठवली. केस एका बाजूला कापलेले, हातात मोबाईल, फार अदबशीर. आमच्या घरी आली, आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, मला सगळं सांगा."

सगळं! आईला कुणी आयुष्यात असं म्हटलं नव्हतं. तिने नवी साडी नेसली. मी माझं शिवणकाम बाजूला ठेवलं, चहा केला, कांदापोहे केले. दुपारभर आई बोलत होती, म्हणजे ओरडत होती. पोरगी बिचारी मोबाईल लांब धरून बसली होती. मी मधे मधे समजावून सांगत होते, पण गिऱ्हाईकं ब्लाउज न्यायला येत होती, मला उठावं लागत होतं. खालाचं आलं तेव्हा आईचा आवाज खाली आला. ओरडणारा माणूस हळू बोलायला लागला की शब्द अर्धे तोंडातच राहतात. "ती साच्यात गेली," आई म्हणाली. "तवापासून आमचा सगल्यांचा जगणंच बदलला." पुढचं सगळंही सांगितलं. बंद कर म्हटलेलं सांगितलं, जमादाराचं सांगितलं. पोरीने डोळे पुसले. मला वाटलं, चला, एकदाचं झालं.

रात्री आई मला म्हणाली, "आता लिवतील. भिंतीवर लिवतील." त्या दिवशी ती जेवली पोटभर.

उद्घाटनाचं बोलावणं आलं. सकाळचा कार्यक्रम, जुन्या कामगारांचा सत्कार. मी आईला घेऊन गेले. चाचा आला होता, अंगात वॉचमनचीच निळी पँट, वर इस्त्रीचा पांढरा कुर्ता, दाढी पांढरीशुभ्र. आणखी दोन-तीन म्हाताऱ्या कांडीवाल्या होत्या. आम्हाला पुढे एका ओळीत बसवलं, म्हाताऱ्यांच्या अंगावर शाली घातल्या. सगळीकडे पिवळे दिवे, थंडगार एसी, मोठे स्पीकर. ज्या शेडमधे पाण्याचा ग्लास ठेवायला जागा नव्हती तिथे आता खुर्च्यांमधून केसाळ कुत्रं पळवता आलं असतं. नातू पाहुण्यांना फिरवून दाखवत होता. मागच्या भिंतीवर तोच मेन स्विच, लाल रंग देऊन ठेवलेला. "ओरिजिनल आहे," तो म्हणाला. "अजून सगळी लाईन ह्याच्यातूनच येते. हलवलाच नाही." पाहुण्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. आईने तिकडे बघितलं नाही.

आणि मग भिंत.

भिंतभर मोदकाचे साचे. देवाशपथ! लाकडी, पितळी, लहान, मोठे, खिळ्यांना टांगलेले. मधे मोठ्या अक्षरांत "साच्यांचा वारसा". खाली लिहिलेलं, की या वास्तूत एकेकाळी अनेक साचे होते आणि या साच्यांनी एका पिढीला आकार दिला. मी डोळे चोळले. मला आधी हसूच आलं. त्या मुंबईच्या पोरीने साचा म्हणजे मोदकाचा समजला! मग त्याच्या खाली माझ्या आईचा फोटो दिसला. त्या दुपारचाच, पोहे खाताना कशाला तरी हसली होती तेव्हाचा. आणि फोटोखाली अवतरणात:

"ती साच्यात गेली, तेव्हापासून आमचं सगळ्यांचं जगणंच बदललं." त्याच्याखाली: "येथे घडलेली एक स्त्री".

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती त्या दिवशी मला कळली. एक बाई पट्ट्यात ओढली गेली, ती बंद कर म्हणत राहिली, आणि त्याचं ह्यांनी काय केलं? ती साच्यात गेली म्हणजे घडली! नीट आकाराला आली! आणि त्या आनंदात माझी आई हसतेय! समोर एक बाई त्याचा फोटो काढत होती. म्हणाली, "किती सुंदर ना?"

आईला अक्षर लागत नाही. ती माझा हात ओढून मोठ्याने विचारत होती, "काय लिवलाय? खालाचा लिवलाय ना? वाच ना गं!" सगळे बघायला लागले. मी तिला ओठांनी सांगितलं. आवाज न काढता, जशी लहानपणी बोलायचे तशी. काय लिहिलंय ते, मोदक कशाला लावलेत ते. ती माझे ओठ बघत होती. एकदा म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिने अंगावरची सत्काराची शाल काढली, घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

मी नातवाला गाठलं. म्हटलं, हे काय आहे? तुझ्या आजोबांनी ह्या साच्यांवर पैसा केला, तुला साचा म्हणजे काय ते ठाऊक नाही? तो हसला. मला वाटलं होतं म्हणेल, चूक झाली मावशी, बदलतो. तो म्हणाला, "ठाऊक आहे ना. तिने ड्राफ्ट पाठवला तेव्हा मला आधी वाटलं चुकलीय. पण मग म्हटलं, भारी आहे. लूमचा पण साचा, घडवणारा पण साचा. डबल मीनिंग."

"आणि ती बाई साच्यात मेली, ते?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. आवाज खाली आणला. "मावशी, ते आजोबा सांगायचे मला. चक्कर आली होती ना त्यांना? कशाला ते जुनं उकरायचं. लोक इथे जेवायला येणार."

म्हणजे ह्याला ठाऊक होतं. पोरीला साचा कळला नाही, ती परकी होती, तिला मी माफ करेन. आईने बंद कर म्हटलेलंही तिने ऐकलं होतं, डोळे पुसले होते, ते कुठे तरी कापलं गेलं. कुणी कापलं, ते विचारायची मला गरज राहिली नाही. आजोबा मेले तरी त्यांची चक्कर जिवंत ठेवली होती पोराने.

मी काही बोलायच्या आधी आई बोलली. उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात सुरू झाली. "ती चक्कर येऊन पडली न्हाय! ऐका सगल्यांनी! ती शुद्धीत होती!" पाहुणे दचकले. कुणी तरी "हळू, आजी, हळू" म्हणालं. पण माझ्या आईला हळू बोला हे ऐकूच येत नाही, त्याला काय करणार! ती बोलतच होती. नातवाने लांबून कुणाला तरी खूण केली आणि स्पीकर मोठा झाला. गाणं असं वाढलं की खुर्च्या थरथरल्या, काचा थरथरल्या. आईचं तोंड हलत होतं आणि एक शब्द कुणाला पोचत नव्हता.

तिच्या पायाला ती थरथर लागली असावी. ती क्षणभर थांबली, जमिनीकडे बघितलं. आणि मग तिने ओरडणं सोडून दिलं.

अरे मूर्खांनो, त्या आवाजात तर ती उभं आयुष्य बोलली होती!

तिने आमच्या ओळीकडे तोंड केलं. ओठ मोठे केले, भुवया उडवल्या. कांडीवाल्या लगेच सरसावून बसल्या. आईने सगळं सांगितलं, आवाज न काढता. वाट अरुंद होती. जाळी नव्हती. खालाने आईकडे बघितलं. पाहुण्यांना वाटलं म्हातारी दमली, नुसती तोंड हलवतेय, ते प्लेटा घ्यायला वळले. एका कांडीवालीने तोंडाला पदर लावला. चाचा पुढे वाकून आईचे ओठ बघत होता. तेव्हा त्याची पाठ होती. आज तोंड होतं.

आईने त्याच्याकडे बघून शेवटचे शब्द सांगितले, जसे खालाने तिला सांगितले होते तसे. बंद कर. बंद कर गं.

चाचा उठला. गुडघे धरत, टेबलांना हात लावत मागच्या भिंतीकडे निघाला. कुणी अडवलं नाही, सगळ्यांना वाटलं म्हातारा बाथरूमला चाललाय. लाल डब्याजवळ थांबला. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि खाली खेचला.

गाणं बंद. दिवे बंद. एसी बंद. त्या शेडमधे एवढं शांत मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. वरच्या खिडक्यांतून उजेड येत होता तेवढाच. आणि त्या शांततेत माझी आई, तिला शांतता झालीय हेही नीट कळलं नाही, साच्यांवरून जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"बंद कर, अशी बोलली ती! मना बोलली! ती पडली न्हाय! पट्ट्यानं वढली तिला!"

कुणाच्या हातातला चमचा प्लेटमधे पडला. मागून चाचाचा आवाज आला, "सच बोल रही है भाभी. मेरी पीठ थी उधर. मैंने नहीं देखा. इन्होंने देखा." आणि तो दांडा धरूनच उभा राहिला, कुणी वर करू नये म्हणून.

नातू घाईघाईने पुढे आला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "आजी, ऐकलं. ऐकलं आम्ही सगळ्यांनी. आता लाईट लावू दे."

आईने माझ्याकडे बघितलं. "काय बोलतो तो?"

मी ओठांनी सांगितलं. ऐकलं म्हणतो.

आईने भिंतीवरच्या आपल्या हसऱ्या फोटोकडे बघितलं, मोदकांकडे बघितलं.

"मंग लिव म्हणाव," ती म्हणाली.